गोटीसाठी एक लेखी नकार

"लेखी नकार? हात्तिच्या! त्यात काय मोठंसं? नकार मिळवण्यात माझा हात कोण धरणार आहे?"

भडकेराव असं बोलले आणि त्यांनी बूट काढून कोपऱ्यात भिरकावले. बूट भिरकावणं हे त्यांचं रोजचंच. रागावले नसले तरी भिरकावायचे, रागावले की बूट जरा लांब जायचे एवढंच. भडकेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या लोकांनी ते ठेवलं आणि इतकं चपखल बसलं की बायकोसुद्धा मैत्रिणींशी बोलताना "आमचे भडकेराव" असंच म्हणायची.

माणूस कामाला मात्र चोख! परक्या देशात, मोठ्या शहरात, लिफ्ट तपासायचं काम. लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून वर-खाली जायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, दार माणसाला बघून थांबतंय की चिमटतंय ते बघायचं. जरा कुठं कमी दिसलं की दाराला लाल पट्टी आणि लिफ्ट बंद. तिथं रदबदली नाही, 'उद्या बघू' नाही. स्वतःच्या बिल्डिंगची लिफ्टसुद्धा त्यांनी अशीच बंद केली आणि मग बाबागाडी खांद्यावर घेऊन सहा मजले चढले, प्रत्येक मजल्यावर थांबून शिव्या घालत. शेजाऱ्यांनी घातल्या त्या वेगळ्या.

तर दिवसभर लोकांना नकार देणाऱ्या या माणसाला आता स्वतःच नकार हवा होता. तोही गोटीसाठी.

गोटी म्हणजे त्यांची मुलगी. या परक्या देशातच जन्मलेली, गोलमटोल, अजून वर्षाची व्हायची होती. तिला पुढं दोन दात होते, आवाज बापाचा होता आणि पासपोर्ट कुठल्याच देशाचा नव्हता! पासपोर्ट नाही म्हणजे विमान नाही. आणि विमान नाही म्हणजे आप्पांची भेट नाही.

आप्पा म्हणजे भडकेरावांचे वडील. भडकेरावांचा स्वभाव कुणावर गेला, असं आप्पांना एकदा भेटलेला माणूस पुन्हा विचारत नाही. आप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. विमानात पाऊल ठेवायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. नात त्यांनी आजवर फोनच्या काचेतच पाहिली होती.

"काचेतला मासा आहे का रे ती?" आप्पा फोनवर गरजायचे. "मला मांडीवर घ्यायचीय तिला. ऑपरेशनच्या आधी! नंतरचं कुणी बघितलंय?"

"आप्पा, असं अभद्र बोलू नका!"

"मग आण तिला! गाढवा, पोरगी आणतोस की मी येऊ पोहत?"

धाडकन फोन बंद. थोड्या वेळानं पुन्हा फोन, आवाज एकदम खाली आलेला. "चिडू नकोस रे. तिला सर्दी-बिर्दी नाही ना? मग आण."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून भडकेराव आपल्या देशाच्या वकिलातीत हजर झाले. तिथल्या खिडकीत एक जाड चष्म्याचे साहेब बसायचे. बाहेर रांगेत बसायला बाकडं नाही, डोक्यावर पंखा नाही.

"मुलीची नोंद होईल," चष्मेवाले म्हणाले. "मग पासपोर्टही होईल. पण तिनं इथलं नागरिकत्व घेतलेलं नाही, असं इथल्या सरकारचं पत्र आणा."

"अहो साहेब, नाहीच घेतलेलं! जे नाही त्याचा कागद कुठून आणू?"

"नसलेल्याचाच कागद लागतो. असलेलं दिसतंच की!"

आता तुम्हीच सांगा, यावर माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार? उद्या विचारतील, तुम्ही मेलेले नाहीत याचा कागद आणा! भडकेरावांनी तोंडाशी आलेले दोन-तीन शब्द गिळले, आणि तसेच इथल्या नागरिकत्वाच्या कचेरीत गेले.

तिथल्या खिडकीत एक गोड बाई. काहीही विचारा, हसायच्या. त्या हसल्या की भडकेरावांना जास्तच राग यायचा.

"आम्ही दिलेल्याची नोंद ठेवतो," बाई म्हणाल्या. "न दिलेल्याची कशी ठेवणार?"

"मग तेच लिहा ना, की दिलेलं नाही!"

"पण कुणी मागितलंच नाही! मागितल्याशिवाय आम्ही देतही नाही आणि नाकारतही नाही." बाई हसल्या. "तुम्ही असं करा ना, रीतसर अर्ज करा. आम्ही तो नाकारू. नकाराचं पत्र घरपोच येतं, अगदी सहीशिक्क्यासकट."

"नाकारालच ना? नक्की?"

"आई किंवा वडील दहा वर्षं इथं राहिलेले असतील तरच मुलाला मिळतं. तुमचा इथं राहण्याचा सध्याचा परवाना कधीचा?"

"पाच वर्षांपूर्वीचा."

"मग कुठलं मिळतंय! निश्चिंत राहा."

याच आनंदात घरी येऊन भडकेरावांनी ती बढाई मारली. भाड्यानं चांगलं घर मागितलं, नकार! बढती मागितली, नकार! दिवाणखान्यात बुटांचं कपाट मागितलं, तर खुद्द बायकोचा नकार! इतका अनुभव असलेल्या माणसाला एक नकार भारी आहे होय?

बायकोनं बूट उचलून ठेवले. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळं तिला लगेच खटकलं.

"अरे, पण आपण तर बारा वर्षं आहोत इथं!"

"श्श! त्यांनी सध्याचा परवाना विचारला. सध्याचा पाच वर्षांपूर्वीचाच आहे. मी खोटं एक अक्षर बोललो नाही."

"बरं. मग आता तोंड तेवढं सांभाळ."

"माझ्या तोंडाला काय झालंय?" भडकेराव इतक्या जोरात ओरडले की गोटी दचकून जागी झाली आणि तिनंही सूर लावला.

अर्ज गेला. पत्र काही येईना. आप्पांची ऑपरेशनची तारीख जवळ यायला लागली. भडकेराव रोज टपालपेटी उघडायचे आणि आपटून बंद करायचे, शेवटी तिची बिजागरी निखळली. आप्पांचे फोन दिवसातून तीनदा यायला लागले. आणि मग एक दिवस फोनच आला नाही. भडकेरावांनी केला तर आप्पा नुसते म्हणाले, "राहू दे रे. नसेल जमत तर राहू दे."

आप्पा आणि 'राहू दे'? भडकेरावांना धास्ती वाटली. आणि त्यांना काहीही वाटलं तरी ते रागाच्या वाटेनंच बाहेर पडतं! तडक निघाले आणि कचेरीच्या दारात पोहोचले. लिफ्टला लाल पट्टी. कुणी लावली? यांनीच! मागच्याच आठवड्यात ब्रेक घसरत होता म्हणून. चार मजले चढून धापा टाकत ते खिडकीशी आले.

"तुमच्या अर्जावर विचार चालू आहे," बाई हसल्या.

"विचार? नाही म्हणायला विचार कसला करता?" भडकेरावांचा भडका उडाला. "मी रोज दहा लिफ्ट नाकारतो. एक मिनिट लागत नाही! तिकडं माझा बाप वाट बघतोय आणि इथं तुम्ही विचार करताय? बारा वर्षं! बारा वर्षं या शहरात राबतोय मी! तुम्ही सकाळी लिफ्टमध्ये बसता आणि संध्याकाळी धडधाकट घरी जाता, ते कुणामुळं? माझ्यामुळं! त्याच्या बदल्यात माझ्या पोरीच्या अर्जाचा निकाल लावता येत नाही? आत्ताच्या आत्ता निकाल पाहिजे मला!"

आता योग बघा. या कचेरीचे सर्वांत मोठे साहेब एरवी लिफ्टनं थेट वर जायचे, खिडकीकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. पण लिफ्टला लाल पट्टी! अंगानं भारी असलेले साहेब जिना चढता चढता याच मजल्यावर दम घ्यायला खुर्चीत टेकले होते. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि विचारलं, "कोण हे गृहस्थ?"

"मुलीच्या नागरिकत्वासाठी आलेत, साहेब."

"केवढी तळमळ!" साहेबांचे डोळे पाणावले. "बारा वर्षं म्हणालात ना तुम्ही?"

रागात माणसाला पुढचं दिसत नाही, आणि भडकेरावांना तर मागचंही दिसत नाही.

"बारा म्हणजे बारा! माझ्यावर विश्वास नाही? हा बघा पहिला परवाना!" असं म्हणून त्यांनी पिशवीतून जुना परवाना काढला आणि खिडकीवर दाणकन आपटला.

"अर्जाला जोडून घ्या," साहेब बाईंना म्हणाले. "आणि निकाल आजच लावा."

बघा! एका डरकाळीत काम! भडकेराव छाती काढून जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर आले आणि त्यांचा पाय एकदम थबकला. तसेच माघारी वर धावले. पण खिडकी जेवणासाठी बंद झाली होती.

पाकीट आलं ते चांगलं जाडजूड. बायकोनं फोडलं. आत अभिनंदनाचं पत्र आणि गोटीच्या नावाचा कोरा करकरीत पासपोर्ट, या देशाचा! गोटीनं तो हातात घेतला आणि दोन दातांनी चावून बघितला.

"नकार हा असा दिसतो का रे?" बायकोनं विचारलं. त्या दिवशी बूट थेट खिडकीबाहेर गेला.

एका पायात उरलेला बूट आणि दुसऱ्यात चप्पल अशा अवतारात भडकेराव कचेरीत पोहोचले. "हे परत घ्या! मला नको!"

"तुम्हाला दिलेलंच नाही, मुलीला दिलंय," बाई हसल्या. "ती सज्ञान झाली की स्वतः सोडू शकते."

"अहो, मी तिचा बाप आहे!"

"म्हणून तर मिळालं!"

मग बायको गोटीला घेऊन त्यांच्याबरोबर वकिलातीत आली. चष्मेवाल्यांनी पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि मान हलवली. "आता नोंद होणार नाही. ती आता आपली नाही."

भडकेराव ओरडले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "आपली नाही म्हणजे?" बायकोनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तिलाच भरून आलं. बारा वर्षांत त्यांचा असा आवाज तिनं ऐकला नव्हता.

"परदेशी पाहुण्यांची खिडकी पलीकडं आहे," चष्मेवाले म्हणाले.

पलीकडं गेले तर तिथं गार हवा, मऊ सोफा, काचेच्या ग्लासात पाणी! आणि खिडकीत कोण? तेच चष्मेवाले, आतल्या दारानं येऊन बसलेले, तोंडभर हसत!

"या या! स्वागत आहे! आमच्या देशाला भेट द्यायचीय ना? छोट्या पाहुणीला काही त्रास नाही ना झाला?"

"अरे चोरा!" असं भडकेराव म्हणणार होते, पण बायकोनं पायावर पाय दिला. महिनोन् महिने आपली म्हणून जिला दारात उभं केलं नाही, तिला परकी म्हणून त्याच आठवड्यात व्हिसा मिळाला. संताप येईल नाही तर काय!

ते आप्पांकडं पोहोचले ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. आप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते, चांगलेच वाळलेले. त्यांनी हात पुढं केले. गोटी त्यांच्या मांडीवर बसली, तिनं त्यांचा चष्मा ओढला आणि एक सणसणीत किंकाळी मारली.

"माझीच आहे," आप्पा म्हणाले आणि कितीतरी वेळ त्यांनी डोळे पुसलेच नाहीत.

संध्याकाळी चौकीवरचा हवालदार कागद घेऊन आला. "काका, तुमच्या घरी परदेशी पाहुणी उतरलीय. मुदत संपली की ती परत जाईल, अशी यजमान म्हणून सही करा."

आप्पांनी गोटीला घट्ट धरलं. मग जो आवाज चढला, तो ऐकून शेजारच्या खिडक्या उघडल्या. "मी? मी लिहून देऊ की हिला परत पाठवतो? नाही करत सही, जा! काय करणार? नाकारणार? मग नाकारा! लेखी नकार द्या मला! आत्ताच्या आत्ता!"

"आप्पा!" भडकेरावांनी झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "पाया पडतो तुमच्या, पण लेखी नकार तेवढा मागू नका! मी तो ओरडून मागितला, म्हणून तर ही परकी झाली!"

आप्पांनी हात बाजूला केला. मुलाकडं पाहिलं. डोळे लाल झालेला, रडायला आलेला, पायात एक बूट नवा आणि एक जुना.

"गाढव," आप्पा हळूच म्हणाले. मग हवालदाराकडं वळले. "मुदत वाढवून मिळते का?"

"मिळते की. अर्ज करावा लागतो."

"आण ते पेन." आप्पांनी सही केली, गोटीनंही पेन धरून वर एक रेघोटी ओढली. "ऑपरेशन झालं की मी स्वतः येतो अर्ज करायला. माझा मी येईन. या गाढवाला आत घेऊ नका, तो मागतो एक आणि भलतंच मंजूर होतं!"