मालीवानच्या हातचा पहिला घास

कुत्र्याला गोळी चारणं ही कला आहे, आणि लाओसमधल्या आमच्या अख्ख्या लुआंग प्राबांग गावात ती फक्त मला येते. बढाई नाही मारत! आमचा लाय चौदा वर्षांचा, मी एकाहत्तरचा. दोघांचीही हृदयं थकलेली, दोघंही जिना दिसला की आधी सुस्कारा सोडतो. फरक इतकाच, की लाय आजारी आहे आणि मी, डॉक्टर काहीही म्हणोत, ठणठणीत आहे!

लायला रोज सकाळी अंगातलं पाणी काढायची गोळी लागते. ती मी चिकट भाताच्या गोळ्यात सुक्या मासळीच्या तुकड्यासकट अशी दडवतो, की त्याला पत्ता लागत नाही.

"बिचारा! किती सहज फसतो बघ," मी मालीवानला म्हणतो.

"हो ना," मालीवान म्हणते.

मालीवान ही माझी सेहेचाळीस वर्षांची बायको, म्हणजे लग्नाला तेवढी झाली. म्हातारपणी प्रेम वाढतं म्हणतात ते खोटं नाही. गेले तीन महिने, भिक्खूंचा भात टोपलीत बाजूला काढला की ठेच्यात बुडवलेला पहिला घास ती स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घालते. "फार चावत बसू नका," असंही प्रेमानं सांगते.

त्या दिवशी पाकिटात लायची शेवटचीच गोळी होती. नवी पाकिटं परवाच्या बसनं येणार होती. मागे एकदा दोन दिवस गोळी चुकली, तेव्हा लाय बसून बसून धापा टाकत होता. मुलं लांब राहतात. घरात आम्ही तिघंच.

मालीवाननं भरवलेला घास गिळून मी लायचा गोळा तयार केला, पाटावर ठेवला आणि तोंड धुवायला गेलो. परत येतो तर गोळा गायब! धावत दारात गेलो. मालीवान रस्त्याकडेला चटईवर गुडघे टेकून बसलेली, समोरून भिक्षेला निघालेल्या भिक्खूंची रांग चाललेली, आणि ती त्यांच्या पात्रांत भात घालत होती. अशा वेळी बोलायचं नसतं.

मी हातांनी विचारलं, "गोळा कुठाय?"

तिनं ओठांचा चंबू करून समोर दाखवलं. समोर कोण? भिक्खू!

लायची गोळी गेली, ती गेलीच. वर एखादा भिक्खू ती खाणार! आज उपोसथाचा, म्हणजे व्रताचा दिवस, दोन तास मांडी घालून पाठ. अंगातलं पाणी काढायची गोळी खाऊन तो बसणार कसा? रांग पुढे गेली तसा मी अनवाणी विहाराकडे सुटलो. मागून मालीवान काहीतरी ओरडली, पण ऐकायला वेळ कुणाला!

विहारातले मोठे भंते माझे लहानपणीचे वर्गबंधू.

"थोंगसाय, अरे धापा काय टाकतोस?"

"भंते, कुणी काही खाऊ नका! भातात कुत्र्याचं औषध आहे!"

भिक्खूंना जेवण वाढायला जमलेल्या गल्लीतल्या बायकांमध्ये खळबळ उडाली. आमच्या शेजारच्या सुवान्नी मावशी गरजल्या, "कुणाच्या भातात? माझ्या?"

"नाही हो मावशी, आमच्या!"

"मग माझ्या भाताला हात लावायचा नाही!"

पण सगळ्या गल्लीचा भात एकाच परातीत! कुणाचा कुठला, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. भंत्यांनी हसू दाबत परात पुढे केली. मी एकेक गोळा फोडायला बसलो. दहा फोडले आणि विहारामागच्या संडासाकडे पळालो. घाबरलो की मला असं होतं, भंत्यांनाही तसं सांगितलं. परत आलो, वीस फोडले, पुन्हा पळालो. सकाळी तसंही मला हल्ली वरचेवर जावं लागतं. वय! पन्नास गोळे झाले, चार फेऱ्या झाल्या, मासळीचा काटाही सापडला नाही. सोळा भिक्खू उपाशीपोटी माझ्याकडे बघत होते. मावशी तर असं बघत होत्या, की पुढच्या जन्मी मी त्यांच्याच घरचा उंदीर व्हावा.

"खाल्ली कुणीतरी वाटेत," मी रडकुंडीला आलो. "भंते, माझा लाय..."

"तुमचा लाय हा इथे आहे," मागून मालीवान म्हणाली. तिनं हातगाडीवर घालून त्याला आणलं होतं. लाय मजेत शेपूट हलवत होता. "मी भरवला त्याला गोळा. तुम्हाला उशीर होत होता. भिक्खूंच्या पलीकडे चाफ्याखाली बसला होता, तोच तर दाखवला!"

मी लायच्या गळ्यात पडलो. डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही. आणि तेवढ्यात पुन्हा उठावं लागलं.

"पण आता घाबरण्यासारखं काय राहिलं?" भंत्यांनी विचारलं.

मालीवान खांद्यावरची शाल नीट करू लागली.

"डॉक्टरांनी यांनाही तीच गोळी दिलीय. हे कुंडीत टाकतात. मग काय करणार? भातात घालते. लाय निदान हुंगून तरी बघतो!"

विहारात असा हशा पिकला, की सुवान्नी मावशीही हसल्या. तीन महिने! माझीच कला, माझ्याच घरात, माझ्यावरच!

दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो. मालीवाननं घास पुढे केला तेव्हा तो फोडला, उजेडात धरला, लायकडूनही हुंगवून घेतला. आत काही नव्हतं. मी विजयी मुद्रेनं तिच्याकडे बघितलं.

"आता काय करशील?"

"काही नाही," मालीवान म्हणाली. "मघाशी केळं खाल्लंत ना? झालं तर मग."