दंडपाणींच्या बायकोचे दंड

बायकोच्या दंडाचं माप घ्यायचं, एवढंच दंडपाणींनी ठरवलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. घराच्या भिंतीला तडा गेला तर माणूस पेन्सिलीने खूण करून ठेवतोच की, वाढतोय का बघायला! तसंच हे. या मापापायी पोल्लाचीहून नारळांचा टेम्पो निघेल, बायकोची वहिनी घरात येऊन हंबरडा फोडेल आणि आपल्याला स्वतःच्याच घरात तोंड लपवायला जागा उरणार नाही, हे त्यांना आधी कुठून कळणार?

दंडपाणी कोइमतूरला पंपांच्या कारखान्यात भांडार सांभाळत. म्हणजे पंप दुसऱ्यांनी उचलायचे आणि "जपून रे" म्हणायचं यांनी. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बायको तंगमणी घर सांभाळायची. पोंगलच्या सुमारास एकदा इडलीचं वाटताना रगड्याचा दगड उचलायला ती वाकली, ती वाकलेलीच राहिली. हाडांच्या डॉक्टरने फोटो काढला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाला, "हाडं विरळ व्हायला लागलीत. वजनं उचला."

"उचलू नका म्हणालात ना?" दंडपाणींनी विचारलं.

"उचला म्हणालो. शिकवणाऱ्या माणसाकडे जाऊन, रीतसर, कायमची."

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती आणि बेकरीच्या वर यालिनी नावाच्या मुलीची जिम. (खाली पफ खायचा आणि वर जाऊन तो जिरवायचा, अशी सोय. दंडपाणी अर्धी सोय नेमाने वापरत.) तंगमणी साडीच्या जागी सलवार घालून रोज पहाटे जाऊ लागली. सुरुवातीला दंडपाणींना त्याचं काही वाटलं नाही. बायको नसताना दुसरी कॉफी स्वतःच्या हाताने, दोन चमचे साखर घालून पिता येते, हा फायदाच होता.

पण कारखान्यातल्या वेलुच्चामीने घोटाळा केला. वेलुच्चामी हिशेब खात्यात होता, पण त्याला हिशेब सोडून सगळं कळायचं.

"वजनं उचलते? वहिनी?" चहाचा पेला अर्ध्यावर थांबवून तो म्हणाला. "दंडपाणी, तू माणूस आहेस का कोण! बाई वजन उचलायला लागली की फुगते. आधी दंड, मग खांदे, मग मान गायब. आमच्या नात्यात एक होती. लग्नाच्या फोटोत नवरा तिच्यामागे उभा होता, तर तो आलाच नाही फोटोत."

"काहीतरीच!"

"बघ बाबा. एक दिवस दार उघडशील आणि म्हणशील, 'या अण्णा, कोण पाहिजे आपल्याला?' आणि ती असेल तुझी बायको."

दंडपाणी हसले. हसता हसता त्यांनी स्वतःच्या दंडाला हात लावून पाहिला. तिथे फुगण्यासारखं काही नव्हतं. हात नुसता खांद्यापासून मनगटाकडे निघाला होता आणि वाटेत कुठेही थांबला नव्हता. उद्या ही फुगली तर गल्लीतून जोडीने चालायचं कसं? लोक म्हणतील, बघा, बाईंनी पिशवी घेतलीय आणि दंडपाणीही घेतलेत.

म्हणून ते माप. रविवारी दुपारी तंगमणी जेवून आडवी झाली होती. दंडपाणींनी पार्सलची सुतळी घेतली, दबकत जवळ गेले आणि तिच्या उजव्या दंडाभोवती अलगद वेढा घातला. गाठ कुठे येते ते बघायला वाकले, आणि तंगमणीने डोळे उघडले.

"अहो, काय करताय?"

"मी? दृष्ट!" दंडपाणींच्या तोंडून निघालं. "हल्ली लोकांचे डोळे वाईट. तू चांगली दिसतेस ना, म्हणून दोरा."

तंगमणी त्यांच्याकडे बघत राहिली. लग्नानंतर तिच्या दिसण्याबद्दल नवऱ्याने काढलेला हा बहुधा पहिलाच शब्द होता, आणि तो सुतळी हातात धरून काढलेला होता.

"मग बांधा ना नीट. अर्धवट का सोडलात?" ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता.

झालं! दंडपाणींना पक्की गाठ मारावी लागली. माप राहिलं बाजूला आणि तंगमणी पार्सलची सुतळी दंडावर मिरवत गल्लीभर फिरू लागली. शेजारच्या कोदै अक्कांनी विचारलं तर म्हणाली, "ह्यांनी बांधलाय," आणि लाजली. कोदै अक्कांनी मात्र मनात वेगळंच टिपलं. ज्या नवऱ्याने बायकोला कधी गजरा आणला नाही, तो दोरा बांधतो म्हणजे दुखणं साधं नाही.

इकडे दंडपाणींना नवी युक्ती सुचली. (युक्ती सुचली की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. ते पाहून शहाणी माणसं दूर व्हायची.) तंगमणीच्या भाचीचं, म्हणजे भाऊ चिन्नराजच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यासाठी तिने मोरपंखी रेशमी ब्लाउज काढून ठेवला होता. तो जर दंडात अर्धा इंच आत घेतला तर? ऐन वेळी बाही चढणार नाही, ती म्हणेल, अगबाई, मी फुगले! आणि जिम आपसूक सुटेल. कोणी कोणाला काही बोलायला नको.

शर्टाच्या आत ब्लाउज लपवून ते आरुमुगम शिंप्याच्या दुकानात गेले, गिऱ्हाईक पांगेपर्यंत बाहेर उभे राहिले आणि मग आत शिरून हळूच म्हणाले, "अर्धा इंच आत घ्यायचा. दंडात. आणि हो, छातीतही थोडा."

आरुमुगमने चष्म्यावरून पाहिलं. "अक्का वाळल्या का हो?"

"तसंच समजा."

"एवढ्या लवकर?"

"हे बघा, तिला यातलं काही कळता कामा नये. कोणाला बोलू नका."

आरुमुगमने मान हलवली, ब्लाउज दोन्ही हातांनी घेतला आणि शिलाई घ्यायला नकार दिला. दंडपाणींना वाटलं, भला माणूस आहे. भला माणूस संध्याकाळी घरी जाऊन बायकोजवळ हळहळला. ती कोदै अक्कांजवळ हळहळली. कोदै अक्कांनी दोरा आणि ब्लाउज एकत्र केले, पोल्लाचीला चिन्नराजच्या बायकोला फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात रडू आवरत म्हणाल्या, "सरोजिनी, मी काही सांगितलं असं सांगू नकोस हं."

ब्लाउज आत घेऊन गुपचूप कपाटात परत गेला. पुढच्या रविवारी सकाळी तंगमणी जिमला गेली होती आणि दंडपाणी दुसऱ्या कॉफीत तिसरा चमचा साखर घालत होते, तोच दारात टेम्पो थांबला. चिन्नराज उतरला. नारळाच्या बागा राखणारा, सहा फुटी गडी, पण चेहरा पार उतरलेला. मागून सरोजिनी पदर तोंडाशी धरून, आणि तिला आधार द्यायला कोदै अक्का. टेम्पोवाल्याने शहाळी नि नारळ भरलेलं पोतं फाटकाशी टाकलं.

"जावईबापू," चिन्नराजने दंडपाणींचे दोन्ही हात धरले, "कधीपासून चाललंय हे?"

दंडपाणींनी हात सोडवून घेतले. जिमची बातमी माहेरी पोचली तर! हे लोक आता भांडणार, आमच्या मुलीला पैलवान केलीत म्हणून.

"तीन-चार महिने झाले असतील," ते खाली मान घालून म्हणाले.

"आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, आपोआप जाईल."

"असलं आपोआप जातं होय!" सरोजिनी हुंदका देत म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतात?"

"त्यांनीच तर लावून दिलं."

"किती दिवस चालायचं म्हणतात?"

"आता जन्मभर म्हणाले."

सरोजिनीने भिंतीला टेकून जो सूर लावला, त्याने समोरच्या माडीवरची खिडकी उघडली. चिन्नराजने डोळे पुसले. "फार त्रास होतो का हो तिला?"

"पहाटे होतो. येते ती घामाने निथळत."

"आई गं! मग चालता येतं? की उचलून आणावं लागतं?"

"छे हो," दंडपाणी वैतागून म्हणाले, "तीच उचलते!"

हे काय ते कोणाला कळायच्या आत फाटक वाजलं आणि तंगमणी आत आली. केस वर बांधलेले, गाल लाल, दंडाला सुतळी, आणि कमरेशी, लहान मूल घ्यावं तसं, नारळांचं पोतं.

"रस्त्यात काय टाकलंय हे? गाय तोंड घालत होती," ती म्हणाली आणि पोतं धप्पकन जमिनीवर ठेवलं. मग सगळ्यांचे चेहरे पाहून ती घाबरली. "अण्णा? वहिनी? अहो, कोण गेलं?"

सरोजिनीचा सूर मध्येच तुटला होता आणि तोंड उघडंच राहिलं होतं.

"तू," कोदै अक्का शेवटी म्हणाल्या. "म्हणजे, जायला टेकली होतीस."

मग सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. त्यातून दोरा निघाला, आरुमुगम निघाला, आणि शेवटी ब्लाउज निघाला. तंगमणीने शांतपणे विचारलं, "कुठला ब्लाउज?"

खोलीतल्या सगळ्या नजरा दंडपाणींकडे वळल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या.

तंगमणी तडक आत गेली. कपाटाचं दार वाजलं. दंडपाणींनी डोळे मिटून घेतले. आता बाही अडकणार, टाका उसवणार, लग्नाचा ब्लाउज वाया जाणार. ते मनातल्या मनात मरुदमलैच्या मुरुगनला नवस बोलत असतानाच ती बाहेर आली. मोरपंखी ब्लाउज अंगावर असा बसला होता की जणू तिच्यावरच शिवलाय. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. चिन्नराजसारखा माणूससुद्धा म्हणाला, "तंगम, लग्नातल्यापेक्षा बरी दिसतेस गं!"

"मीच टाकणार होते शिंप्याकडे," तंगमणी बाही चाचपत म्हणाली. "दंडात ढगळ व्हायला लागला होता."

"वजनं उचलून?" सरोजिनीने पुढे होऊन दंड दाबून पाहिला. "फुगायला पाहिजे ना?"

"मलाही तसंच वाटलं होतं. यालिनी म्हणते, आपल्यासारख्या बायका इतक्या सहज फुगत नाहीत. होतं ते घट्ट होतं."

सरोजिनीने आपल्या ब्लाउजच्या ताणलेल्या बाहीकडे पाहिलं, रडं कुठल्या कुठे विसरली आणि पोल्लाचीत अशी जिम कुठे आहे याची चौकशी करू लागली. चिन्नराजने दंडपाणींच्या पाठीवर थाप मारली. "मानलं जावईबापू! बायको किती बारीक झाली हे बघून गुपचूप ब्लाउज नीट करून आणणारा नवरा मी तरी पाहिला नाही."

"अं, हो, म्हटलं तिला जरा आनंद," दंडपाणी म्हणाले. अशी संधी सोडायला ते काही हरिश्चंद्र नव्हते.

"आता हे पोतं तरी आत ठेवा," तंगमणी म्हणाली.

दंडपाणी रुबाबात पुढे झाले, वाकले, पोत्याला मिठी मारली. पोतं हललं नाही. त्यांनी श्वास घेऊन पुन्हा जोर लावला. या वेळी हलले ते दंडपाणी, आणि बसले ते थेट पोत्यावर. चिन्नराज भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्षपूर्वक वाचू लागला.

पाहुणे जेवून गेल्यावर तंगमणी नारळ एकेक करून कोपऱ्यात रचत होती. दंडपाणी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"आता खरं सांगा," ती मागे न वळता म्हणाली. "मी बारीक झाले हे तुम्हाला दिसलं होतं?"

दंडपाणींनी बरंच इकडेतिकडे केलं, मग वेलुच्चामीपासून सगळं सांगून टाकलं. तंगमणी हसेल किंवा नारळ फेकून मारेल, या दोन्हींची त्यांनी तयारी ठेवली होती. ती हातातला नारळ तसाच धरून थांबली.

"माझी आई आठवते? न्हाणीत पाय घसरला एवढंच. नंतर पलंगावरून उठलीच नाही. कूस बदलायलासुद्धा मला हाक मारायची. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला ना, तेव्हा मला तिचाच पलंग दिसला." तिने हातातला नारळ खाली ठेवला. "मला कोणाला हाक मारायची नाहीये. फुगले असते तरी मी गेले असते."

इतके महिने दंडपाणींनी तिचा दंड पाहिला होता. ती घाबरली होती, हे त्यांना दिसलंच नव्हतं. ते पुढे झाले आणि एक नारळ उचलून तिच्या हातात दिला. मग दुसरा. सगळे संपेपर्यंत ते देत राहिले, आणि शेवटी कमरेत अशी कळ आली की भिंत धरून उभं राहावं लागलं.

"उद्या माझ्याबरोबर चला," तंगमणी म्हणाली. तिच्या आवाजावरून ही विनंती वाटत नव्हती.

सोमवारी पहाटे दंडपाणी बनियनवर इस्त्रीचा शर्ट घालून जिना चढले. यालिनी ही विशीतली, काडीसारखी मुलगी निघाली. तिने त्यांना उभं कसं राहायचं ते दाखवलं, वाकायचं कसं ते दाखवलं आणि समोर लोखंडी दांडा ठेवला. दंडपाणींनी दात आवळले, डोळे पांढरे केले आणि कण्हत कण्हत दांडा गुडघ्यांपर्यंत आणला. मग समोरच्या आरशात पाहिलं. मानेची शीर फुगली होती, छाती पुढे आली होती. आपण एवढे आडदांड दिसतो? त्यांना एकदम काळजी वाटली. नवे शर्ट शिवावे लागणार. कारखान्यात वेलुच्चामी घाबरेल.

"यालिनी, पोरी," ते धापा टाकत हळूच म्हणाले, "असं रोज उचललं तर मी फार फुगणार तर नाही ना?"

यालिनीने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं.

"नाही हो, सर, ती भीती नको," ती धीर देत म्हणाली. "आणि हा नुसता दांडा आहे. वजनं अजून लावायचीत."