जड गोळी, हलकी गोळी आणि मुक्या खोऱ्यातला एल्क

टिल्डा हाल्वरसनने तीन आठवडे वही भरून एकच गोष्ट सिद्ध केली होती: एल्कसारख्या थोराड हरणाच्या लांबच्या शिकारीला गोळी जडच हवी. वजनाने एकशेपंच्याहत्तर ग्रेनची. वर्गातल्या बाकीच्या पोरी नाचाच्या कपड्यांचे रंग ठरवत होत्या तेव्हा ही बया रसायनशास्त्राच्या तासाला वाऱ्याची कोष्टकं मांडत होती.

"हलकी गोळी सुटते झोकात," ती जेवताना बापाला, ऑर्विनला, ऐकवायची, "पण सहाशे यार्डांवर तिला धाप लागते. वारा नेईल तिकडे जाते. जड गोळी दार ठोठावत नाही बाबा, दारासकट आत येते."

"आणि वाटेत नेमाच्या खाली किती बसते ते?" ऑर्विन विचारायचा. तो कट्टर एकशेचाळीसवाला, हलक्या गोळीचा. "जडवाल्यांचे एल्क मी फक्त त्यांच्या गप्पांतच पाहिलेत."

पण मुक्या खोऱ्यातल्या शिकारीचा परवाना टिल्डाच्या नावाचा होता. त्या खोऱ्याच्या परवान्यासाठी वायोमिंगभरातून अर्ज येतात, आणि सोडतीत मोजकीच नावं निघतात. ऑर्विन अकरा वर्षं अर्ज भरत होता, अकरा वर्षं हात हलवत परतत होता. टिल्डाचं नाव पहिल्याच वर्षी निघालं. त्यानंतर दोन दिवस बाप तिच्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला. आईने मात्र फ्रीजर रिकामा करून, पुसून, झाकण उघडं टाकून ठेवला होता. हिवाळाभराचं मांस पोरगी आणणार, असं ती चर्चमध्येही सांगून आली होती.

आणि आज मोसमाचा शेवटचा दिवस होता. फ्रीजर अजून उघडाच.

मुक्या खोऱ्यात हाक मारली तर ती परत येत नाही. पहाटे बापलेक कड्यावर पालथे पडले तेव्हा खाली धुकं दुधावरच्या सायीसारखं धरलं होतं. पाखरू बोलत नव्हतं. नारिंगी जाकिटं घातलेली ती दोघं सोडली तर जगातला रंगच कुणीतरी पुसून नेला होता.

मग साय फाटली. समोरच्या उतारावर एल्क उभा होता. घोड्याएवढा नर, आडवा, मान वळवून थेट त्यांच्याकडे बघणारा.

"सहाशे दहा," ऑर्विन अंतर मोजून पुटपुटला. "अजून वेळ आहे, माझ्या हलक्या गोळ्या घे."

टिल्डाने उत्तर म्हणून बंदुकीवरच्या दुर्बिणीची नेम लावायची चकती फिरवली, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

गोळी लागली की ओल्या गोधडीवर काठी बसावी तसा आवाज परत येतो. आला नाही. एल्क तसाच उभा. कानसुद्धा हलला नाही.

"खाली बसली," बाप समाधानाने म्हणाला.

"नाही बसली."

दुसरी. तिसरी. चौथी. धुरळा उडाला नाही, आवाज आला नाही, आणि तो बघतच राहिला. न पापणी, न वाफ. एवढ्या थंडीत एवढ्या जनावराच्या नाकातून किटलीसारखी वाफ निघायला हवी.

"बाबा, तो श्वास घेत नाहीये."

"काहीतरीच बोलू नकोस. दे इकडे." ऑर्विनने दुर्बीण डोळ्याला लावली आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "टिल्डे, त्याचं डावं शिंग बघ. टोक मोडलंय."

बारा वर्षांपूर्वी, परवाना एकदाच मिळाला होता तेव्हा, ऑर्विनने याच उतारावर डाव्या शिंगाचं टोक मोडलेला एक नर जखमी केला होता. जड गोळीने. ती खाली बसली, पायाला लागली, आणि जनावर झाडीत शिरलं. तीन दिवस शोधूनही सापडलं नाही. त्या दिवसापासून तो एकशेचाळीसवाला झाला होता. त्याबद्दल तो घरात कधी बोलत नसे. आता मात्र भडाभडा बोलला.

"मग तो तुमच्याकडे बघतोय," टिल्डा म्हणाली. "माझ्याकडे नाही."

"तुझा फार आधार वाटतो हं मला."

तिने मुकाट्याने बापाच्या तीन हलक्या गोळ्या भरल्या, चकती नव्याने लावली आणि तिन्ही झाडल्या. तो पडला नाही. धुकं मात्र पुन्हा मिटलं, हळूच, दार लोटून घ्यावं तसं.

दरी उतरून पलीकडे चढायला त्यांना तास लागला. धुक्यातून आधी शिंगं दिसली, मग काचेचा एक गार डोळा. ऑर्विनने टोपी काढली.

"माफ कर बाबा," तो एल्कला म्हणाला.

टिल्डाने हात लांबवून त्याच्या मानेला बोट लावलं. बोट आत दबलं.

"बाबा, हा फोमचा आहे."

गावातल्या धनुष्यबाणवाल्यांनी उन्हाळ्यात इथे नेमबाजी ठेवली होती. दहा पुतळे आणले असतील, नऊ मोजून नेले असतील. शिंगाचं टोक आणतानाच कुठेतरी मोडलं असावं. खांद्यामागे, हृदयाच्या जागी, सात भोकं होती: जडची चार, हलकीची तीन. भीती एकदम उतरली आणि दोघांनाही भलताच जोर चढला.

"माझी चारही तळहातात मावतात. खाली बसली म्हणे."

"आणि माझी तीन कपाच्या बुडात. नीट बघ जरा."

"झाडली कुणी पण?"

"गोळ्या कुणाच्या होत्या?"

दोघं बोटांनी भोकं मोजत भांडत असताना मागे कुणीतरी जोरात श्वास सोडला. वाफेसकट.

चाळीस पावलांवर खरा एल्क उभा होता. त्या अंतरावर गोळी कितीची, हा प्रश्नच उरत नाही. फेकून मारली तरी चालली असती.

"आहे एखादी?" ऑर्विन ओठ न हलवता म्हणाला.

"नाही. तुमच्याकडे?"

"तूच संपवल्यास."

खऱ्याने दोघांना गवताइतकीही किंमत दिली नाही. तो फोमच्या नरासमोर आला, डोकं खाली घातलं आणि एक धडक दिली. सात गोळ्यांनी न हललेला तो चारी पाय वर करून उताराखाली गडगडत गेला. मग खरा सावकाश वळला आणि टिल्डाच्या परवान्यासमोरून, आईच्या फ्रीजरसमोरून, झाडीत चालता झाला.



"किती वजन असेल हो त्याचं?" टिल्डाने विचारलं.

"सातशे पौंड. का?"

तिने पौंडाला सात हजार ग्रेन धरून मनात गुणाकार केला. "म्हणजे एकोणपन्नास लाख ग्रेन. बघा, जडच बरं."

ऑर्विनने टोपी घातली आणि उताराला लागला.

"हे असंच्या असं," तो म्हणाला, "घरी गेल्यावर आईला सांग."