परीट आल्यावर दसरा

परीट पक्षी दिसल्याशिवाय दसरा काढायचा नाही, म्हणजे घरातल्या वाकळा-गोधड्या ओढ्यावर धुवायला न्यायच्या नाहीत, हा मानसिंगचा कायदा. शेपटी आपटत हिंडणारा तो पाहुणा भादव्यात थंड मुलखातून यायचा. तेव्हा पलटणीतून रजेवर आलेला मानसिंग अंगणातून ओरडायचा, "परीट आला, काढा वाकळा."

यंदा उन्हाळ्यात मानसिंग लढाईत गेल्याची तार आली. तेव्हापासून त्याची बायको शालूबाई पुढच्या दाराबाहेर पडली नव्हती. धाकट्या गुंडालाही भावाच्या आठवणीनं घास गिळवत नव्हता. पण त्याच्या डोक्यात एक बसलं: वैनीला परीट दाखवायचा. मग ती बाहेर येईल.

माणूस दिसला की पाखरू उडतं. फौजी अंगाला पाला बांधून लपतात, हे त्यानं भावाकडून ऐकलं होतं. त्यानं भावाचं पलटणीचं कांबळं पांघरलं, वर सुंभानं उसाच्या शेंड्यांचं हिरवंगार वाढं बांधलं आणि ओढ्याकाठी बसला. (बाभळीचा पाला जवळच होता, पण काटे टोचतात. अक्कल खर्च झाली ती एवढीच.)

शेजारच्या नाथाजीची म्हैस पाण्यावर आली आणि खांद्यापासून गुंडा खायला लागली.

"हाट," गुंडा पुटपुटला.

"वाढ्यात काय करतुयास रं?" नाथाजी म्हणाला.

"हळू बोला, तात्या. परीट बघतोय."

"बघ की. तिचं हुईस्तवर हलू नगंस, उपाशी हाय ती."

गुंडा हललाच. सुंभ शिंगात अडकलं, म्हैस बुजली आणि चिखलातून गुंडाला ओढत गावाकडं सुटली. त्याच्याच अंगणात सुंभ तुटलं.

गलका ऐकून शालूबाई धावत अंगणात आली. बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसत खालीच बसली.

"काय ह्यो अवतार, भावजी?"

"परीट दावणार हुतो तुमास्नी."

"त्यो कवाचा आलाय. परसात भांडी घासताना रोज दिसतोय."

"मग वाकळा का न्हाई काढल्या?"

तिचं हसू थांबलं. "हाक कुणी मारली न्हाई."

गुंडा उठला. तोंडातला चिखल थुंकला. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "वैनी, परीट आला, काढा वाकळा."

शालूबाईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वाकळा मागनं. आदी तुमी चला ओढ्यावर."

त्या वर्षी त्या घरचा दसरा निघाला, पण दगडावर पहिला घासला गेला तो गुंडा.