सिग्नलवाले वानखेडे आणि काळा पडदा

आमचे शेजारी वानखेडे घरातला पंखासुद्धा लेखी परवानगीवाचून उघडत नाहीत. शिडी लावण्यापूर्वी ते एका चिठ्ठीवर 'बैठकीचा पंखा सकाळी दहा वाजून पाच मिनिटांपासून सेवेतून बाहेर' असे लिहितात आणि ज्याच्या ताब्यात तो पंखा आहे त्याची सही घेतात. काम संपले की दुसरी चिठ्ठी: 'पंखा तपासून पुन्हा सेवेत दिला.' त्यांची सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नल विभागात गेली. तिथे स्टेशनमास्तरची सही झाल्याशिवाय सिग्नलच्या पेटीला हात लावायचा नसतो, कारण मधल्या वेळात गाडी आली तर माणसे मरतात. पंख्याखालून गाडी जात नाही, ही बाब मी एकदा त्यांच्या निदर्शनास आणून दिली.

ते म्हणाले, "मॅडम जातात नं."

मॅडम म्हणजे त्यांच्या पत्नी प्रमिलावहिनी. त्या शाळेत मराठी आणि हिंदी शिकवत. घरातल्या सर्व वस्तूंच्या सहीचा अधिकार त्यांच्याकडे होता आणि त्या नुसती सही करून थांबत नसत, शेरा मारत. 'मिक्सर दिला. चटणी अर्धीच वाटली आहे. पंधरा मिनिटांत परत न आल्यास जेवणाची जबाबदारी माझी नाही.' हा शेरा मी स्वतः वाचला आहे. शासनाच्या विधी शाखेत अधीक्षक म्हणून मी हजारो टिप्पण्या पाहिल्या. इतकी नेमकी भाषा आणि इतके सुरेख अक्षर क्वचितच आढळले.

मागच्या वर्षी वहिनींना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. त्यांना ऐकू येते, वाचता येते, सगळे समजते; फक्त शब्द बाहेर येत नाही. तेव्हापासून वानखेडे सहीसाठी माझ्याकडे येतात. "वकीलसाहेब, तुमी आता स्टेशनमास्तर," असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. मी वकील नाही, हे मी त्यांना लेखी कळवले होते. त्यांनी पत्राची रीतसर पोच दिली आणि हाक तीच ठेवली.

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणीही विचारले, "मॅडम कशा आहेत?" की त्यांचे उत्तर ठरलेले: "तपासणी चालू आहे." बिघडलेल्या रेडिओविषयीही ते हेच म्हणतात. कोणतीही वस्तू 'खराब झाली' असे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेले नाही. त्यांच्या मते जगात खराब काही नसते. दोष कुठेतरी एका जागी दबून बसलेला असतो आणि आपण अजून तिथवर पोचलेलो नसतो.

वहिनींना बोलते करण्याचे त्यांनी पुष्कळ उपाय केले. पाटी आणली. डाव्या हाताने काढलेले वेडेवाकडे अक्षर वहिनींनी एकदाच पाहिले आणि पाटी पलंगाखाली सरकवून दिली. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे अक्षर सुधारले, त्यांना ते सोसवले नाही. मोबाइल दिला, तर थरथरणारे बोट काचेवर घसरून 'पाणी'च्या जागी भलतेच उमटे. मग वानखेड्यांनी कुठून तरी शोधून काढले की हातात मावेल असा एक छोटा संगणक मिळतो, त्याला दाबता येतील अशा खऱ्या कळा असतात, पण तो सुट्या भागांत येतो आणि घरी जोडावा लागतो.

खोके आले. सदर बाजारातल्या एका घड्याळजीकडून बारीक पेचकस आला. तीन दिवस त्यांनी जेवणाच्या टेबलावर भाग जुळवले, कळांवर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. चौथ्या दिवशी मला रीतसर बोलावून, वहिनींना उशीला टेकवून बसवून, त्यांनी बटण दाबले.

पडदा काळाच राहिला.

वहिनी पडद्याकडे पाहत होत्या आणि वानखेडे वहिनींकडे. "तपासणी चालू आहे," ते हळूच म्हणाले.

माझा संताप मात्र अनावर झाला. एका आजारी स्त्रीची वाचा जिच्यावर अवलंबून आहे अशी वस्तू मृतावस्थेत पाठवणे ही सेवेतील त्रुटी नव्हे तर काय? मी विक्रेत्याला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, पहले स्क्रीन का स्क्रीनशॉट भेज दीजिए." पडदा उजळत नाही हीच तक्रार असताना त्याच पडद्याने स्वतःचे छायाचित्र कसे काढावे, हे मी तिला शुद्ध हिंदीत बराच वेळ समजावले. शेवटी ती म्हणाली, "हव सर, तो फोटो भेज दीजिए." त्या 'हव'वरून ती आमच्या छत्तीसगढचीच निघाली, म्हणून मी फोन आपटला नाही, ठेवला. त्याच संध्याकाळी मी चार पानी नोटीस तयार करून ईमेलने रवाना केली.

वानखेडे दरम्यान एक एक जागा तपासत होते. बॅटरीत वीज आहे का, होती. वीज आतल्या सर्किटच्या पाटीपर्यंत पोचते का, पोचत होती. स्मृतीचे कार्ड दुसऱ्या यंत्रात चालते का, चालत होते. प्रत्येक वेळी यंत्र उघडण्यापूर्वी माझी सही, मिटल्यावर पुन्हा सही. एका आठवड्यात मी त्या यंत्राच्या बावीस चिठ्ठ्यांवर सह्या केल्या.

"वानखेडेजी, वस्तू परत करण्याची मुदत उद्या संपते," मी बजावले. "मी कुरिअरवाला अकराला बोलावला आहे. नवीन नग मागवा."

"अन् नवीन येईपर्यंत?"

"पंधरा दिवस. फार तर महिना."

"मॅडम आठ महिन्यांपासून थांबून राहिल्या, वकीलसाहेब. त्यायले अजून थांबा म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"आणि हे यंत्र कायमचे बंदच राहिले तर? मुदत गेल्यावर कायदाही तुम्हाला हात देणार नाही."

परतीच्या कागदावर त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या पलंगाशेजारी बसून ते पार्सल करण्यापूर्वी बॅटरी काढण्यासाठी यंत्राचे चार स्क्रू उघडू लागले. पहिला स्क्रू हलेना. त्यांनी दात आवळले, मान वाकडी केली, पेचकस दोन्ही हातांनी धरला. एवढ्यात पलंगावरून एक घोगरा आवाज आला. वहिनी हसत होत्या. चेहऱ्याच्या एकाच बाजूने, पण हसत होत्या. त्यांनी डावा हात उचलून हवेत एक अदृश्य झाकण फिरवल्यासारखे केले, ते उघडत नाही असे दाखवले आणि कपाळावर हात मारला.

मला काही उमगले नाही. वानखेडे मात्र पेचकस धरून तसेच थिजले.

"लोणच्याची बरणी म्हणून राहिली ते," ते म्हणाले. "मी लावलेलं झाकण हिच्यानं कधी उघडलं नाही. कुकर नाही, नळ नाही. शेजारी जाऊन उघडून आणे अन् मले दिवसभर बोले."

"त्याचा इथे काय संबंध?"

"आमच्याकडं नट ढिला राहिला तर गाडीच्या हादऱ्यानं निघून जाते. म्हणून हात थांबला की वरून अजून एक पाव फेरा. तीस वर्षं तेच केलं." त्यांनी यंत्र कडेने उजेडासमोर धरले. "हे पाटी वाकली, बापा. मधातून उचलली गेली. दर वेळेस उघडलं की सरळ होये, अन् बंद करताना मीच परत वाकवे, तशी पडद्याची पट्टी सुटे."

बाहेर फाटकाशी कुरिअरवाल्याने हाक दिली, "भैया, पार्सल?" मी त्याला थांबण्याची खूण केली. वानखेड्यांनी नेटाने चारही स्क्रू काढले, पडद्याची चपटी पट्टी बोटाने तिच्या खाचेत नीट बसवली, स्क्रू परत लावताना अर्धा फेरा सैल ठेवले आणि बटण दाबले. एक बारीक हिरवा दिवा लागला. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर उतरू लागल्या.

कुरिअरवाल्याला मी चहाला पुरतील एवढे पैसे देऊन परत पाठवले. विक्रेत्याला क्षमापत्र लिहिणे मला क्रमप्राप्त होते. ते मी त्याच दिवशी लिहिले आणि ते माझ्या आयुष्यातले सर्वांत लहान पत्र ठरले. मात्र जोडणीच्या पुस्तिकेत स्क्रू किती आवळावा याचा उल्लेख नाही, ही गंभीर उणीव मी ताजा कलम म्हणून नोंदवली आहे. उत्तराची प्रतीक्षा आहे.

पण ते नंतरचे. त्या सकाळी वानखेड्यांनी यंत्र वहिनींच्या मांडीवर ठेवले. वहिनींनी डाव्या हाताच्या एका बोटाने एक कळ दाबली. थांबल्या. दुसरी दाबली. पाणी मागायला एवढी अक्षरे लागत नाहीत, हे माझ्या लक्षात आले. बराच वेळ त्या लिहीत राहिल्या आणि मग त्यांनी यंत्र नवऱ्याकडे सरकवले.

वानखेड्यांनी चष्मा पुसून वाचले. पुन्हा वाचले. मी तिथून डोकावू शकलो असतो. परंतु विवाहसंबंधात पती-पत्नींनी एकमेकांना सांगितलेल्या गोष्टीला पुराव्याच्या कायद्याने संरक्षण दिलेले आहे आणि मी आजवर कोणत्याही संरक्षित मजकुराकडे नजर टाकलेली नाही. मी चप्पल शोधू लागलो.

दारातून मी एकदा मागे पाहिले. वहिनींचे कान शाबूत आहेत. वानखेड्यांचा आवाज तर फाटकापर्यंत ऐकू जातो. तरीही तो गृहस्थ पलंगाच्या कडेला बसून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर शोधत, तिला उत्तर लिहीत होता.