पिशवी बंद, पार्सल चालू

श्रीपतरावांच्या इडलीच्या हॉटेलात त्या सकाळी गटारीचं पाणी शिरलं होतं. गिऱ्हाइकं बाकड्यांवर पाय वर घेऊन इडली खात होती आणि श्रीपतराव लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून निंबर्ग्याच्या ग्रामपंचायतीचा उद्धार करत होते.

"टॅक्स घ्यायला बरं येतेत! अन् गटार कोन काढावं? माझ्या सासऱ्यानं?"

तेवढ्यात पंचायतीच्या सदस्य प्रेरणाताई दोन माणसं घेऊन आल्या. त्यांनी फावड्यानं गटार उपसायला घेतली, तर तोंडाशीच प्लास्टिकच्या पिशव्यांचा हा एवढा बोळा निघाला. प्रेरणाताईंनी काठीच्या टोकावर त्यातली एक पिशवी उचलून धरली. सांबाराची पिशवी. तिच्या तोंडाला लाल दोरा, आणि दोऱ्याला अशी गाठ की सोडवता सोडवत नाही. तशी गाठ अख्ख्या आळंद तालुक्यात एकच माणूस मारायचा. लोक वैतागून पिशवी दातानं फाडत.

"अण्णा, गाठ ओळखलाव का?" प्रेरणाताईंनी विचारलं.

"एखादी असंल," श्रीपतराव म्हणाले.

फावडं पुन्हा आत गेलं. लाल दोरा. पुन्हा गेलं. पुन्हा लाल दोरा. बाकड्यावरचं कुणीतरी खुदकन हसलं. श्रीपतराव काही वाईट माणूस नव्हते. त्यांना मनापासून लाज वाटली. पण लाज वाटली की त्यांचा आवाज चढायचा.

"उद्यापासून माझ्या हॉटेलात पिशवी बंद!" ते बाकड्यावर चढून गरजले. "पार्सल पाहिजे त्यानं घरनं भांडं आणावं! गावात घाण माझ्या हातानं व्हायलीय, तर बंदबी माझ्याच हातानं व्हनार!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून सगळे घरी गेले आणि भांड्याचं विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी पहिला आला तो काशप्पा. बियाण्याच्या दुकानात कामाला, सदा घाईत. भांडं कुठंय म्हटल्यावर त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून उलटं धरलं.

"यात घाला."

"अरं, हे डोस्क्यात घालायलास की तू!"

"धुवून घालतो की, अण्णा."

हेल्मेटात सांबार वाढायला श्रीपतरावांचा हात धजेना. मागं रांग वाढत होती, आणि रस्त्यापलीकडं गुरुशांतप्पाच्या हॉटेलात पिशव्यांचे गठ्ठे तोरणासारखे लटकत होते. आचारी मडिवाळप्पा कानाशी येऊन कुजबुजला, "मालक, गिऱ्हाइक तिकडं चाललं."

हॉटेलच्या मागच्या अंगाला श्रीपतरावांचं घर. बायको इंदिराबाई धाकट्या बहिणीकडं निर्ण्याला गेलेली. श्रीपतराव तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि हाताला पहिला जो लागला तो डबा घेऊन आले.

"सांजच्याला आणून दे, काशप्पा."

काशप्पाला डबा मिळाला म्हटल्यावर मागच्यानंही मागितला. त्याच्या मागच्यानंही. श्रीपतराव फडताळ रिकामं करत सुटले. तूरडाळ कुकरात ओतली, साखर चहाच्या किटलीत, तिखट कपबशीत, आणि ज्वारीचं पीठ उशीच्या अभ्र्यात. गटार स्वच्छ वाहत होती. जो येईल तो "अण्णा, काम बाकी लई चांगलं केलाव" म्हणत होता. श्रीपतरावांची छाती फुगत होती.

डबे मात्र परत येत नव्हते. यात कुणाची नियत खोटी नव्हती. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही त्या गावची रीत. घरात काही चांगलंचुंगलं झालं की त्यात घालून देऊ, म्हणून जो तो थांबला होता.

शुक्रवारी दुपारी इंदिराबाई बसमधून उतरल्या. रविवारी बहीण आणि तिच्या घरचे जेवायला येणार, हे सांगतच त्या आत गेल्या आणि चहा ठेवायला किटली उचलली. किटलीतून साखरेची धार लागली. त्यांनी कुकर उघडला.

"अहो! कुकरात कच्ची डाळ कामून हाय?"

श्रीपतरावांनी सगळी हकिकत सांगितली. गटार, गाठ, टाळ्या. टाळ्यांचं जरा वाढवूनच सांगितलं. इंदिराबाईंनी अभ्र्यातलं पीठ हातानं चाचपत सगळं ऐकून घेतलं.

"पिशव्या बंद केलाव ते बेस झालं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचा पितळी डबा कुटं हाय?"

आतून कल्हई केलेला, झाकणावर आईचं नाव कोरलेला तो डबा. हाताला पहिला लागला होता तो तोच. श्रीपतरावांचा चेहरा पडला.

"काशप्पानं नेलाय. आत्ता आणतो."

"आणा. त्याच्याबिगर उंबरा चढायचा न्हाई."

काशप्पा घरी नव्हता. त्याच्या आईनं श्रीपतरावांना खाटेवर बसवलं. "डबा व्हय? आमच्याकडं कालच शेंगाची चटणी कुटली. म्हटलं तुमच्याकडं देण्याआधी त्यातच घालून भागाबाईला देवावं, म्हणून धाडला. तिची लेक पोटुशी हाय, तिला तोंडाला चव न्हाई. पन तुमी आलाव तसं भाकरी खाल्ल्याबिगर जायचं न्हाई."

श्रीपतरावांनी चटणी-भाकरी खाल्ली आणि भागाबाईचं घर गाठलं. भागाबाई म्हणजे प्रेरणाताईंची सासू. तिनं तर हात धुवायला पाणीच पुढं केलं. "घरी खीर केलीय, अण्णा. डबा प्रेरणाच्या हाती हाय, ती येईस्तोर वाटीभर घ्या."

वाटी मोठी होती. प्रेरणाताई आल्या तेव्हा श्रीपतरावांना बोलताना धाप लागत होती.

"डबा?" प्रेरणाताई म्हणाल्या. "अण्णा, तुमीच सांगितलाव की भांडं आणा म्हणून. सकाळी ह्यांच्या हाती तुमच्याच हॉटेलात सांबाराला पाठवला. गर्दी लई होती, म्हणून ठेवून आले अन् तसेच कडगंचीला ड्यूटीवर गेले. आमचं सांबार तर अजून आलंच न्हाई!"

"माझ्या हॉटेलात?"

"तुमच्याच हॉटेलात."

श्रीपतराव पोट सावरत हॉटेलात परतले. मडिवाळप्पा निवांत तवा घासत होता.

"पितळी डबा? तो व्हय!" तो म्हणाला. "तुमी बाहेर पडलाव अन् अक्कानं मागनं आवाज दिला. घरात रांधायला भांडं न्हाई, इडली तरी पाठव म्हणाल्या. डबा रिकामाच होता, त्यातच सांबार घालून दिलं."

श्रीपतराव मागच्या दाराशी गेले. इंदिराबाई पाटावर बसून सांबारात इडली बुडवत होत्या. समोर पितळी डबा लखलखत होता.

"म्हणजे मी गेलो अन् डबा आला?"

"तुमी कोपऱ्यावरबी पोचला नसाल."

"मग फोन कामून केला न्हाईस? माणसं खाऊ घालून घालून मारायलेत मला!"

इंदिराबाईंनी शांतपणे डब्यातलं सांबार पळीनं ढवळलं. "फोन केला असता तर बाकीचे डबे कोन मागितलं असतं?"

आणि खरंच, श्रीपतराव डबे मागत फिरतायत ही बातमी गल्लोगल्ली पोचली होती. दिवेलागणीपर्यंत माणसं येतच राहिली. कुणाच्या डब्यात शेंगाच्या पोळ्या, कुणाच्यात कारळाची चटणी, कुणाच्यात अंबाडीची भाजी. रविवारच्या पाहुण्यांची अर्धी तयारी बसल्या जागी झाली. श्रीपतरावांनी यातल्या एकाही पदार्थाकडं पाहिलं नाही.

शनिवारपासून गल्ल्यावर इंदिराबाई बसल्या. भांडं नसेल त्यानं बाकड्यावर बसून खावं, एवढंच त्या म्हणत, पण अशा नजरेनं म्हणत की दुसऱ्या फेरीला माणूस डबा घेऊनच येई. प्रेरणाताईंचं राहिलेलं सांबार त्यांनी स्वतः नेऊन दिलं. रस्त्यापलीकडून गुरुशांतप्पा दोनदा येऊन बघून गेला आणि तिसऱ्यांदा येऊन त्यानं हळूच विचारलं, "वैनी, ह्यात गिऱ्हाइक तुटत न्हाई म्हणता?"

रविवारचं जेवण झकास झालं. निघताना बहीण म्हणाली, "अक्का, आमच्या मामंजींसाठी दोन शेंगाच्या पोळ्या दे की गं."

इंदिराबाईंचा हात सवयीनं खिडकीतल्या खुंटीकडं गेला. पिशव्यांची ती खुंटी रिकामी होती. बहिणीची नजर तोवर फडताळावर गेली होती.

"अगं, आईचा डबा! ह्यातच दे. लई दिवसांत हातात घेतला न्हाई."

इंदिराबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. श्रीपतराव छताच्या पत्र्याकडं अतिशय लक्षपूर्वक बघत होते. मग इंदिराबाईंनी डबा पुसला, पोळ्या घातल्या, झाकणावरच्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि डबा बहिणीच्या हाती दिला.

बस सुटली. दोघं स्टँडवर उभी होती.

"पुढच्या आइतवारी निर्ण्याला जाऊ," इंदिराबाई म्हणाल्या.

"कामून?"

"डबा आणायला."

श्रीपतरावांनी पोटावर हात ठेवला. "मग शनिवारपासनं मला जेवायला वाढू नकोस," ते म्हणाले आणि हॉटेलाकडं वळले.