आधी हजेरी

आमच्या लालबागच्या शाळेच्या विश्वस्त मंडळात पाच बाप्ये. दोघांना नातवंडं आहेत. तरीही दर सभेला त्यांची हजेरी घेतली जाते, पोरांची घेतात तशी. नाव पुकारलं की घाडीकाका ताडकन उठतात, हात मांड्यांना चिकटवतात आणि "हजर!" असं ओरडतात की अध्यक्षांची चहाची बशी हलते.

हा छळ त्यांनीच सुरू केला. विश्राम बाबाजी घाडी, मंडळावरचे पालक प्रतिनिधी, गिरणी कामगार, मुलगी तिसरीत. पालकसभेतून बाकीचे निवडणुकीआधीच पळाले, हे बसून राहिले, म्हणून निवडून आले. मी माजी विद्यार्थ्यांतर्फे चिटणीस, म्हणजे नावं पुकारणं माझ्याच नशिबी. बाहेर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळवायचा, आणि आत या बाप्यांची हजेरी! एकदा चिडून म्हटलं, "काका, सगळे समोर दिसतायत की!"

"दिसणा येगळा, हजर असणा येगळा. आधी हजेरी, मगे गजाली!"

डॉक्टर विश्वस्त उशिरा आले, तर काकांनी त्यांना दारातच अडवलं. "बोट वर करा नि इचारा, आत येव काय." डॉक्टरांनी विचारलं हो! अध्यक्ष एक सभा चुकले, तर पुढच्या सभेत काका म्हणाले, "पालकाची चिठ्ठी खंय?" अध्यक्ष सत्तरीचे.

मला आमच्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेसाठी शाळेचं सभागृह हवं होतं. अध्यक्ष सरकारी अनुदान बंद होईल म्हणून टरकून. पण हजेरीला ते त्याहून कावले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हजेरी बंद करायचा ठराव तू मांड. सभागृह तुझं."

"मांडलाच समजा," मी म्हणालो.

सभेच्या दिवशी सकाळी करी रोडला गिरणीच्या दारात पत्रकं वाटत होतो. दारापाशी बदली कामगारांचा घोळका. कायमचा माणूस आला नाही, तर त्याच्या जागी यांच्यातला एखादा आत घेतात. माणसं निवडणारा मुकादम, म्हणजे जॉबर, नावं पुकारत होता. आणि घोळक्यात, हात मांड्यांना चिकटवून, घाडीकाका! आम्ही सगळे त्यांना कायम कामगार समजत होतो.

पुकारणं संपलं. दार लागलं. बाकीचे जॉबरच्या सात पिढ्या उद्धारत पांगले. काका तसेच उभे, एखादं नाव राहिलं असेल म्हणून. मग वळले, तर समोर मी. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि निघून गेले.

संध्याकाळी अध्यक्षांनी मला डोळ्यानं खुणावलं. "काय चिटणीस, कसलासा ठराव होता ना?"

काका मान खाली घालून बसलेले. "आधी हजेरी" हेसुद्धा म्हणाले नाहीत.

मी उठलो. "आधी हजेरी."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. गेलं सभागृह. जाऊ दे, सभेला रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे?

"श्री. विश्राम बाबाजी घाडी!"

काका उठले. "हजर." इतकं हळू, की बशी जागची हलली नाही.

मी ऐकूच आलं नाही असं केलं. तेच नाव पुन्हा पुकारलं, जॉबरच्या वरताण आवाजात.

"हजर!"

चहा अध्यक्षांच्या धोतरावर सांडला.